आधी जेसीबी बोलावू नका : सोलापुरात ओपन स्पेसची रानबाग करताना या चुका टाळा

जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की बाळे-शेळगीकडचे नवे ले-आउट, प्रत्येक ठिकाणी दहा-वीस गुंठ्यांचा एखादा तुकडा पडून असतो. चार उत्साही माणसं जमतात आणि इथे पक्षी, फुलपाखरं यावीत असं काही करू म्हणतात. हेतू उत्तम असतो. पुढचा क्रम मात्र ठरलेला: एप्रिलमध्ये जेसीबी, ५ जूनला रोपं आणि फोटो, ऑगस्टमध्ये कमरेएवढं गाजर गवत आणि पुढच्या मे महिन्यात ट्री गार्डमध्ये वाळक्या काटक्या. पैसा असूनही असं होतं, माणसं मनापासून राबली तरी होतं. खालच्या चुकांपैकी पहिल्या दोन टाळल्या तरी बाग बरीचशी वाचते, म्हणून त्यांच्यावर सविस्तर लिहिलं आहे.

जागा ‘साफ’ करून घेणं

सोलापूरची जमीन म्हणजे काळ्या खडकावर मुरूम आणि त्यावर कुठे वीतभर, कुठे हातभर माती. इथला मूळ निसर्ग माळाचा आहे. गवत, आणि गवतात मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ, तरवड, नेपती. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते याच माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी. काळवीट आणि लांडगाही तिथे याच गवताळ माळावर राहतात. शहरातला जो तुकडा दहा वर्षं कुणी हात न लावता पडला आहे, तो या माळाचाच उरलेला भाग असतो. लोकांना तिथे काटे आणि कचरा दिसतो. प्रत्यक्षात तिथे उघड्या खडीवर टिटवी मार्चपासून अंडी घालते, मातीच्या उतारात वेडा राघू बीळ कोरतो, टणक मोकळ्या जमिनीत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या भोकं पाडून पिल्लं वाढवतात आणि रुईच्या पानांवर नारिंगी-काळ्या फुलपाखरांच्या अळ्या पोसतात.

एका कॉलनीतल्या वीस गुंठ्यांचे हाल सांगण्यासारखे आहेत. एप्रिलअखेर जेसीबीने दिवसभरात फूटभर जमीन खरवडली. बोरीची झुडपं, तरवड, कुसळी गवत, वाळवीचं वारूळ, सगळं एका कोपऱ्यात ढीग करून पेटवलं. टिटवीची जोडी दोन दिवस मशिनभोवती ओरडत फिरली. खाली उघडा मुरूम लागला, तर त्यावर तलावातल्या गाळाच्या बारा खेपा टाकल्या. जुलैत पहिला जोरदार पाऊस झाला आणि तीन गोष्टी एकदम दिसल्या. गाळातून आलेलं गाजर गवत एकसारखं उगवलं. जमिनीलगत मोडलेल्या वेड्या बाभळीच्या (हे परदेशातून आलेलं काटेरी झाड, आपली देशी बाभूळ नव्हे) प्रत्येक खुंटाला पाच-सहा धुमारे फुटले. आणि पूर्वी जिथे पाणी मुरायचं, तिथे यंत्राच्या वजनाने जमीन दबल्यामुळे ते सरळ रस्त्यावर वाहून गेलं. एका दिवसाची घाई निस्तरायला त्या लोकांना तीन पावसाळे लागले, आणि कुसळी अजूनही पूर्ण परतलेली नाही.

म्हणून पहिलं वर्ष खणायचं नाही. हे ऐकून नवी मंडळी नाराज होतात, पण याला पर्याय नाही. सुतळी आणि खुंट्या घेऊन जागेचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, त्यामुळे एक चौकोन एक गुंठ्याचा होतो आणि हिशोब सोपा जातो. महिन्यातून एकदा सकाळी प्रत्येक चौकोनात दहा मिनिटं उभं राहून वहीत लिहा: काय उगवलंय, काय फुललंय, पाणी कुठे साचतं, शेळ्या कुठून शिरतात, पोरं कुठे खेळतात, पायवाट कुठून पडली आहे. जे ठेवायचं त्याला रंगीत चिंधी बांधा. बोर, हिवर, बाभूळ, हिंगणबेट, नेपती, तरवड, रुई आणि गवताचे सगळे ठोंब यांना हात लावायचा नाही. पडलेली पायवाट मोडू नका. लोक तिथूनच जाणार, रोपं तुडवत जाणार.

कचरा मात्र लगेच काढा, आणि तो हाताने. काच, थर्माकोल, प्लास्टिक आधी. पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपासच्या जागांत सुताचं वेस्टेज पडलेलं असतं, ते शेवटच्या धाग्यापर्यंत वेचा. पक्षी ते घरट्याला नेतात आणि पिल्लांच्या पायाला गुंडाळलं की पाय जातो. संक्रांतीनंतर झाडांवरचा मांजाही याच कारणासाठी काढायचा. विटा आणि दगड फेकू नका. रस्त्यापासून आणि घरांच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर दूर, उन्हाच्या जागी त्यांचा कमरेएवढा ढीग रचा. सरडे आणि सापसुरळ्या तिथे राहायला येतात. सिमेंट-चुन्याचा भुगा तेवढा उचलून न्या. आधीच चुनखडीच्या आपल्या मातीत त्याची भर नको.

वेडी बाभूळ हा स्वतंत्र विषय आहे, कारण तिच्याबाबत प्रत्येक जण एकच चूक करतो: जमिनीच्या वर कापतो. तिचे फुटण्याचे डोळे जमिनीखालच्या खोडाच्या वरच्या भागात असतात. तो भाग जागेवर राहिला की एका खोडाची सहा खोडं होतात. मातीत ओल असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, भोवती खणून टिकाव आणि पहारीने खोडाचा गड्डा निदान एक फूट खोलवरून तोडायचा. अंगठ्याएवढी रोपं पावसानंतर हाताने ओढली तरी मुळासकट येतात. सगळी एकाच वर्षी काढू नका. त्याच फांद्यांत होला आणि बुलबुल घरटी करतात, म्हणून दर वर्षी चौथा हिस्सा काढा आणि तिथे बोर किंवा हिवर उभा राहिल्यावर पुढच्या हिश्श्याला हात घाला. शेंगा पिकायच्या आत तोडा. शेळ्या त्या खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडे पेरतात. कापलेल्या काटेरी फांद्या जाळायच्या नाहीत. जागेच्या कडेने त्या एकमेकींत अडकवून रचल्या की शेळ्या-गाईंना रोखणारं कुंपण फुकट होतं, दोन वर्षं टिकतं, आणि मुंगसाला खालून जाता येतं. खोडं मोठी असतील तर कापण्याआधी महापालिकेकडे लेखी परवानगी मागा. शहरी भागातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे.

गाजर गवताला फूल येण्याआधी, जूनअखेर ते जुलैत, हातमोजे घालून उपटायचं. फूल आल्यावर उपटलं तर बी झटकलं जातं, आणि एका रोपाला हजारोंनी बी असतं. मिठाचं पाणी फवारायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. मीठ मातीतच राहतं आणि ज्या गवतासाठी हा खटाटोप, तेही मरतं. उपटलेल्या जागी टाकळ्याचं आणि तरवडाचं बी फेकावं. ही दोन्ही गाजर गवताला दाबतात, आणि फिक्या पिवळ्या रंगाची फुलपाखरं त्यांच्यावर अंडी घालतात. तरवडाला आणखी एक मोल आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बतुकम्मासाठी हीच पिवळी फुलं लागतात. नवरात्रात त्यासाठी आजूबाजूच्या बायका बागेत येऊ लागल्या की बागेला राखणदार मिळतात.

५ जूनला रोपं लावणं

पर्यावरण दिनाला लागवड ही सोलापुरात रोपं मारायची सर्वांत खात्रीची पद्धत आहे. या दिवसापर्यंत इथे मोसमी पाऊस स्थिरावलेला नसतो. जूनच्या सुरुवातीला वळवाच्या दोन-तीन सरी येतात, माती वरून भिजते, लोकांना वाटतं पाऊस सुरू झाला. मग उघडीप पडते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे कोरडे जाणं इथे नेहमीचं आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. म्हणूनच हा जिल्हा रब्बीचा, आणि मंगळवेढ्याची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर पेरली जाते. शेतकरी कॅलेंडर बघून पेरत नाही, हात घालून ओल बघतो. रोपाच्या बाबतीतही तेच करायचं.

कसोटी साधी आहे. एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय रोप पिशवीतून काढू नका. पर्जन्यमापक नसेल तर पहारीने भोक पाडून माती काढा. फूट-सव्वा फुटावरच्या मातीचा मुठीत गोळा झाला तर लावा, भुगा झाला तर थांबा. जुलै अखेरपर्यंत एवढी ओल झाली नाही तर सरळ ऑगस्टच्या शेवटापर्यंत थांबावं. रोपं सावलीत एकत्र ठेवली तर त्यांना दिवसाला दोन-चार बादल्या पुरतात. जमिनीत विखरून लावल्यावर तेवढ्यात भागत नाही.

खड्डे मात्र एप्रिल-मे मध्येच घ्या, म्हणजे उन्हाने तापतात आणि पहिल्या सरी आत मुरतात. मुरमात दोन फूट लांब, रुंद आणि खोल. तळ पहारीने आणखी अर्धा फूट फोडायचा, नाहीतर मुळं तळाशी गोल फिरतात. काळ्या मातीत दीड फूट पुरतो. रोप लावण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या: खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि वेळ बघा. दुसरं पाणी २४ तासांनंतरही उभं असेल तर तिथे खड्ड्यात लावायचं नाही. वीतभर उंच, मीटरभर रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावायचं. खड्डा भरताना त्यातलीच माती वापरा आणि दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. बाहेरून आणलेली सुपीक माती मुरमाच्या खड्ड्यात भरली की तो खड्डा कुंडीसारखा होतो. मुळं बाहेर पडायचं नाव घेत नाहीत, आणि चौथ्या वर्षी वाऱ्याने झाड मुळासकट आडवं होतं.

आता मे महिन्याचं बोलू, कारण लागवडीला शंभर जण येतात आणि पाणी घालायला चार उरतात. शहरात नळालाच रोज पाणी येत नाही, तेव्हा बागेसाठी नळाचा भरवसा धरू नका. हिशोब लागवडीआधी कागदावर मांडा. एका रोपाला आठवड्याला १० लिटर. फेब्रुवारी ते जूनचा मध्य म्हणजे सुमारे १९ आठवडे. १०० रोपांना १९,००० लिटर, सांडलवंड धरून २२,००० म्हणा. ५,००० लिटरचे चार ते पाच टँकर झाले. ते पैसे आणि ते हात आजच दिसत नसतील तर ५० रोपं लावा. आठवड्यातून एकदा पण सावकाश आणि भरपूर पाणी घाला. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात आणि एका रविवारी माणूस चुकला की रोप गेलं. आळं दोन फूट रुंद ठेवा. उतारावर खालच्या अंगाला अर्धगोल बांध घाला. वर उसाच्या पाचटाचा चार इंच थर द्या, पाचट आपल्या जिल्ह्यात कुठेही मिळतं. खोडापासून ते चार बोटं लांब राहू द्या, नाहीतर पाचटातली वाळवी साल खाते. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पाणी पुरतं. तिसऱ्या उन्हाळ्यातही पाणी लागत असेल तर झाड चुकीचं निवडलं गेलं आहे.

आठ-दहा फुटी रोपं आणू नका. फोटोत ती छान दिसतात. त्यांची मुळं पिशवीत वर्षानुवर्षं वेटोळी झालेली असतात आणि पाणी दुप्पट लागतं. दीड फुटाचं, जाड खोडाचं रोप घ्या आणि पिशवीच्या तळाची गोल फिरलेली मुळं कात्रीने कापून लावा. बाभूळ आणि हिवर तर बियांपासूनच करावेत. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं, आणि फुगलेलं बी भर पावसात थेट जागेवर टोचायचं. अशा झाडाचं सोटमूळ शाबूत राहतं. कडुनिंबाचं बी साठवून ठेवलं तर उगवण झपाट्याने घटते, म्हणून निंबोळ्या पडल्या की दोन आठवड्यांत पेरा.

घनवनाचा मोह

मियावाकी ही थोड्या जागेत दाट जंगल उभं करायची पद्धत. तीत एका चौरस मीटरला तीन ते चार रोपं लावतात. गुंठ्याला तीनशेच्या वर, वीस गुंठ्यांना सहा हजार. दोन-तीन वर्षं नियमित पाणी. वरच्या टँकरच्या हिशोबाला साठने गुणून बघा. पाण्याचा प्रश्न सुटला तरी मूळ आक्षेप राहतो: माळावरची टिटवी, चंडोल आणि सरडा दाट सावलीत राहत नाहीत. इथे गुंठ्याला चार-पाच झाडं-झुडपं आणि उरलेल्या जागेत गवत, एवढंच पुरे. मारवेल, पवन्या, कुसळी यांचं बी नोव्हेंबरमध्ये जवळच्या माळावरून, रस्त्याकडेवरून गोळा करा. मालक असेल तर विचारून घ्या. पुढच्या पावसाळ्यात दाताळ्याने जमीन ओरखडून बी मातीत कालवून फेका. नुसतं वरून टाकलं तर मुंग्या वेचून नेतात.

थोडक्यात उरलेल्या

कोनोकार्पस, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया आणि निलगिरी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

पानं खाल्लेली दिसली की फवारा घेऊन धावू नका, निंबतेलाचाही नको. कढीलिंबावरची, रुईवरची अळी हीच तुमची फुलपाखरं.

पारव्यांना ज्वारी टाकायची सवय बागेत येऊ देऊ नका. पारवे वाढतात, बाकीचे पक्षी मागे हटतात, आणि सांडलेल्या दाण्यावर उंदीर पोसतात.

आपटा फाटकाजवळ लावू नका. दसऱ्याच्या सकाळी तो ओरबाडला जातो. आत, बोरीच्या आडोशाला लावा.

रात्रभर जळणारे दिवे नकोत. पायवाटेवर उजेड हवाच असेल तर गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली तोंड केलेला, पिवळसर, आणि रात्री दहाला बंद होणारा.

साप दिसला म्हणून विटा-दगडांचा ढीग मोडू नका आणि साप मारू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यालाही संरक्षण देतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर गवत कायम बुटकं ठेवलं की लोकांना पाऊल कुठे पडतंय ते दिसतं, आणि बहुतेक भीती तिथेच संपते. सर्पमित्राचा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर फाटकावर लावा.

पाणवठा

सिमेंटचं गोल तळं आणि मध्ये कारंजं, हा आराखडा जवळपास प्रत्येक ठिकाणी पुढे येतो. खडे काठ असलेल्या तळ्यात खार आणि सरडे बुडतात, पाणी हिरवं होतं, डास होतात, आणि मग कॉलनी ते बुजवायला सांगते. मोठ्या तळ्याचा नाद सोडा. दोन-तीन फूट रुंद, खरबरीत, काठाला शून्य आणि मध्ये तीन इंच खोल असे उथळ पाणवठे करा आणि आत दोन दगड ठेवा. पाच गुंठ्यांना एक पुरतो. झुडपापासून दोन मीटर दूर ठेवा, नाहीतर मांजर दबा धरून बसते. पाणी एक दिवसाआड ओतून द्या आणि आठवड्यातून एकदा काथ्याने, साबण न लावता, घासा. घासणं टाळता येत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी आलं की फुटतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. गप्पी मासे सोडून सुटका होत नाही. ते बेडकाची पिल्लं आणि चतुराच्या अळ्याही खातात, आणि डास खाणारे तर हेच दोघे.

कागद

लागवडीआधी प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढून जागा कोणाची ते बघा. ले-आउटची ओपन स्पेस सोसायटीकडे आहे की महापालिकेकडे गेली आहे, यावरून परवानगी कोणाची ते ठरतं. विकास आराखड्यात शाळा किंवा रस्त्याचं आरक्षण असेल तर झाडं मोठी झाल्यावर ती तोडली जातात. तोंडी ‘करा हो’ चालत नाही, पत्रावर शिक्का घ्या.

गवत वेळेवर न कापणं, किंवा सगळं एकदम कापणं

जानेवारीत गवत वाळून पिवळं पडलं की कॉलनीत तक्रारी सुरू होतात: बाग मेली, साप येतील, कापून टाका. घाबरून सगळं जमिनीलगत कापलं की त्या वर्षीचं बी, कोष आणि गवतात दडलेले कीटक एकदम जातात. अजिबात नाही कापलं तर होळीच्या आसपास एखाद्या काडीने सगळं पेटतं आणि दोन वर्षांची रोपं तासाभरात जळतात. त्यासाठी जागेचे तीन हिस्से करा. कुसळं झडून गेल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीला, एकच हिस्सा विळ्याने कापा, वीतभर ठोंब ठेवून. पुढच्या वर्षी दुसरा, मग तिसरा. होळीच्या आधी पंधरा दिवस कुंपणाच्या आतून चारही बाजूंनी तीन मीटरचा पट्टा पूर्ण बोडका करा. पायवाटा आणि रोपांभोवतीची आळी तशीच मोकळी करा. कापलेलं गवत गुरं असलेल्या माणसाला द्या. तो ते घेऊन जातो, आणि पुढच्या वर्षी कापायलाही स्वतःच येतो.